फारसी काव्याचा मराठीवरील प्रभाव
फारसी काव्याचा आधुनिक मराठीवरील प्रभाव मुख्यतः गझल व रुबाई या काव्यप्रकारांतून दिसतो. फारसीचे प्राध्यापक व कवी माधव त्रिंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या आणि ‘गज्जलांजलि’ (१९३३) या संग्रहातून गझल रुजवली. पुढे मात्र ते नाशिकजवळील भगूर येथे जन्मलेल्या वि. दा. सावरकरांच्या भाषाशुद्धी चळवळीचे पुरस्कर्ते झाले व त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) हा ग्रंथ लिहिला. या चळवळीनंतरही बाजार, जमीन, कागद, रोज हे फारसी शब्द व्यवहारात टिकले. सुरेश भट (१९३२–२००३) यांनी गझल लोकप्रिय केली. मतला, रदीफ, काफिया या फारसीमार्गे आलेल्या संज्ञा मराठी गझलकार आजही वापरतात.