वांगणीचे दरोडेखोर

गेल्या भाद्रपदात माझा नातू चार मित्रांना घेऊन कर्जतला आला. बॅग ठेवायच्या आधीच म्हणाला, "आजोबा, तुम्हाला मरायचंय. उद्या दुपारपर्यंत."

४८ तासांत लघुपट करायची स्पर्धा होती. वॉशिंग्टनला २००१ साली सुरू झालेला हा खेळ मुंबईतही येऊन पोहोचला आहे. शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी उचलायची, निघेल त्या प्रकारची फिल्म लिहून, चित्रित करून रविवारी संध्याकाळी द्यायची. एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य आयोजक देतात, ते फिल्ममध्ये आलेच पाहिजे. आमच्या पोरांना 'डार्क कॉमेडी' निघाली. म्हातारा गेलाय, फार्महाऊससाठी जमीन घेणारा दलाल ओटीवर बसलाय, आणि मुलगे तिरडीवरच्या बापाचा अंगठा उठवायच्या खटपटीत! म्हातारा अर्थात मी.

चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभारला, तेव्हापासून आमच्याकडे शूटिंगचे अप्रूप उरलेले नाही. पण तिरडीवर पडल्या पडल्या मला आठवली ती वांगणी. कर्जतहून मुंबईकडे निघालात की चौथे स्टेशन.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चे बाहेरचे चित्रण वांगणीला केले. मंडळी पुढे गेली आणि देवळात उतरली. फाळके कामासाठी मुंबईतच राहिले होते. रिकामा वेळ, म्हणून नटांनी रंग फासले आणि लाकडी तलवारी घेऊन तालीम सुरू केली. गावाला वाटले, दरोडेखोर! पाटलाकडे वर्दी गेली, फौजदार आला. 'आम्ही सिनेमा करतोय' हे सांगून उपयोग काय, सिनेमा म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हते. सगळ्यांना पकडले. फाळके आले, त्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, फिल्म न घालताच खोटे चित्रण करून दाखवले, तेव्हा सुटका झाली.

इथवर आपण हसतो. पुढची हकीकत मी वर्गात कधी सांगितली नाही. रोहिदासाचे काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र करत होता. तो खेळताना पडला, डोक्याला लागून बेशुद्ध झाला. उपचार केले तरी शुद्ध येईना. मुंबईला न्या, चित्रण नंतर करू, असे लोक म्हणाले. फाळक्यांनी रोहिदासाच्या चितेचा प्रसंग त्या बेशुद्ध पोरावरच उरकून घेतला. वेळ आणि पैसा, दोन्ही वाया जाऊ नये म्हणून. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला तेव्हा पडद्यावरचे ते मढे पाहून लोक हळहळले असतील.

तर, मी डोळे मिटून पडलो होतो. एवढ्यात भाजी घेऊन येणाऱ्या मावशी अंगणात आल्या. त्यांचे यजमान आषाढात गेले. तिरडी पाहताच त्यांनी टोपली टाकली आणि माझ्या पायांशी बसून असा हंबरडा फोडला की माझ्या घशात आवंढा आला. "कट" कुणी म्हणेना. मीही हललो नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. शिस्तीचा मास्तर म्हणून असेल, किंवा शॉट बिघडेल म्हणून असेल.

शेवटी उठून बसलो. मावशी आधी घाबरल्या, मग हसल्या, मग पदर डोळ्यांना लावून पुन्हा रडल्या.

रात्री नातवाला म्हटले, "तो तुकडा काढ." तो म्हणाला, "आजोबा, दुसरं शूट करायला वेळ कुठाय?"

फिल्म वेळेत गेली. तो तुकडा तिच्यात आहे. मावशी दर मंगळवारी भाजी घेऊन येतात, विचारतात, "तुमचा शिनेमा कधी दावताय?" मी मेथीची जुडी निवडत बसतो.