तंतूची निवड आणि चातीचा बदलता अंमल

१९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनज्ञांनी जो पॉलिएस्टर तंतू सिद्ध केला आणि ज्याला पुढे ‘टेरिलीन’ हे नाव मिळाले, तो साठोत्तर दशकात ठाण्याच्या कारखान्यातून ‘टेरीन’ म्हणून निघू लागला, तेव्हा ज्यांचा सारा दस्तूर कापसाभोवती बांधलेला होता त्या मुंबईच्या गिरण्यांपुढे एक अननुभूत प्रश्न उभा राहिला. कापसाची लांबी निसर्ग ठरवी. येथे ती माणसाला मुक्रर करावी लागे. चातीच्या साच्यावर कापसाशी मिश्रण करावयाचे, तर ३८ मिलिमीटर लांबी आणि सुमारे दीड डेनिअर जाडी पत्करावी. लोकरीच्या सूटिंगसाठी याहून लांब व जाड तंतू घ्यावा. ६७ भाग पॉलिएस्टर आणि ३३ भाग कापूस, हे टेरीकॉटचे प्रमाण याच काळात रूढ झाले.

१९६७ च्या सुमारास झेकोस्लोव्हाकियातून रोटर-यंत्र बाजारात आले आणि हा हिशेब पालटला. तेथे तंतू सुटे होऊन, फिरत्या पात्रात थरावर थर बसून पीळ घेतात. ते चातीवर राहतात तितके सरळ राहत नाहीत, म्हणून सुताच्या छेदात सुमारे शंभर तंतू असावे लागतात, आणि बारीक सूत हवे तर तंतूही बारीकच हवा. शिवाय तंतूवरील तेलकट लेप पात्राच्या खाचेत साचून सूत तोडतो; माझ्या मते निवडीतील खरे कौशल्य या लेपाच्या पारखीतच आहे. ऐंशीच्या दशकात जपानी वायुझोत-यंत्रे आली, आणि त्यांना तर आखूड तंतूंच्या कापसापेक्षा समान लांबीचा पॉलिएस्टरच अधिक मानवला.