परवलीचा शब्द आणि गाडीची किल्ली

दिल्लीत पोस्टिंग झालेल्या मराठी माणसाला कस्तुरबा गांधी मार्ग वेगळा सांगावा लागत नाही. कॅनॉट प्लेसहून निघून इंडिया गेटला मिळणारा हा रस्ता. वाटेत हिंदुस्तान टाइम्सची इमारत, ब्रिटिश कौन्सिल आणि इंडिया गेटकडच्या टोकाला आपलं नवं महाराष्ट्र सदन. जुने दिल्लीकर अजून 'कर्झन रोड' म्हणतात. व्हाइसरॉयचं नाव जाऊन ज्या कस्तुरबांचं नाव इथं लागलं, त्यांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, इंग्रजांच्या कैदेतच शेवटचा श्वास घेतला.

याच रस्त्यावर आमच्या एका सहकाऱ्याच्या गाडीची किल्ली हरवली. चावीवाल्यानं दार उघडलं, नवी किल्ली घासून दिली. ती कुलपात गेली, फिरली, स्टार्टरही फिरला. पण इंजिन दोन सेकंद धरायचं आणि बंद पडायचं. चावीवाला म्हणाला, "साहब, चाबी सही है, पर गाड़ी पहचान नहीं रही." या एका वाक्यात किल्लीचा सगळा इतिहास आहे. आणि तो इतिहास आपल्या फौजी लोकांना पटकन समजण्यासारखा आहे.

आपल्या गडांपासून सुरुवात करू. शिवकाळात सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद होत आणि किल्ल्या हवालदाराकडे असत. हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली गड केला तो. आजच्या पलटणीतल्या हवालदाराचं नाव तिथूनच चालत आलं आहे. पण महाराजांनी गड एकट्या हवालदाराच्या भरवशावर सोडला नाही. सरनौबत आणि सबनीस त्याच्या बरोबरीचे होते. किल्ली एकाच्या हाती असली, तरी त्या एकालाच फितवून गड मिळू नये, हा त्यामागचा विचार.

कुलपांच्या कारागिरांनी मात्र फार काळ फक्त धातूवर विश्वास ठेवला. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं 'उघडणं अशक्य' म्हणून गाजलेली चब आणि ब्रामा ही दोन्ही कुलपं किल्लीशिवाय उघडली आणि इंग्लंडची झोप उडाली. १८६१ मध्ये लायनस येल यांनी चपट्या, दातेरी किल्लीच्या कुलपाचं पेटंट घेतलं. घराची किल्ली आजही बहुधा त्याच वंशातली. मुंबईत लालबागला १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला आणि गोदरेजचं कुलूप घरोघरी पोचलं.

मोटारीत किल्ली आली ती आधी फक्त वीजप्रवाह जोडायला. इंजिन फिरवायला हँडल मारावं लागे. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणला. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, ही आज साधी वाटणारी सोय क्रायस्लरनं १९४९ मध्ये दिली. फौजेचा अनुभव उलटा होता. दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुवातीच्या जीपना किल्ली होती, पण पुढे ती काढून नुसता खटका बसवला. गोळीबारात ड्रायव्हर पडला तर दुसऱ्यानं किल्ली शोधत बसायचं नाही. तिथं गाडीची राखण कुलूप करत नाही, संत्री करतो.

नागरी गाड्यांना संत्री कुठून आणणार? म्हणून तो किल्लीतच बसवला. १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीत जनरल मोटर्सनं किल्लीत एक छोटा विद्युतरोधक घातला. त्याची मूल्यं फक्त पंधरा. चोरानं पंधरा किल्ल्या बाळगल्या की काम फत्ते. हा रोज तोच परवलीचा शब्द ठेवण्याचा प्रकार होता. एकदा कोणी ऐकला की संपलं.

नव्वदच्या दशकात किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत चिप आली. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. मग गाडी चिपला एक आकडा पाठवते, दर वेळी नवा. चिप आपल्याजवळचं गुपित वापरून त्या आकड्याचं उत्तर काढते. गाडीही तेच गणित करते. उत्तरं जुळली तर इंजिन चालतं, नाहीतर बंद. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला.

माजी सैनिकांना इथं ओळखीचं काही ऐकू आलं असेल. "थम! कौन आता है?" हीच ती हाक. फरक इतकाच, की इथं संत्री दर वेळी नवा प्रश्न विचारतो, त्यामुळे चोरून ऐकलेलं उत्तर दुसऱ्या वेळी कामाला येत नाही. महायुद्धात रडारवर दिसलेलं विमान आपलं की शत्रूचं, हे ओळखायला विमानांत जवाब देणारी यंत्रं बसवली होती. गाडीची चिप ही त्यांचीच धाकटी बहीण.

तरीही ही चिप फुटली, आणि का फुटली तेही फौजीच कारण आहे. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहिलं, की सांकेतिक यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. मोटार उद्योगानं नेमकं उलट केलं. गणित लपवलं आणि गुपित लहान ठेवलं. २००५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी फोर्डसह अनेक गाड्यांत असलेली ४० बिटची चिप फोडून दाखवली. मेगामोस नावाच्या चिपचा दोष संशोधकांनी शोधला, तेव्हा २०१३ मध्ये फोक्सवॅगननं इंग्लंडच्या न्यायालयातून प्रकाशन थांबवलं. तो निबंध २०१५ मध्ये बाहेर आला. तोवर गाड्या त्याच, चिपही तीच.

खिशातून न काढता चालणारी किल्ली आली आणि नवी वाट उघडली. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग केला. एक यंत्र गाडीजवळ, दुसरं किल्लीजवळ. दोघांनी फक्त निरोप पुढे पोचवला आणि दहाही गाड्या उघडल्या. परवलीचा शब्द खरा होता, पण बोलणारा दारात नव्हता.

आता कामाचं बोलू. किल्ली हरवली तर आधी 'लॉस्ट रिपोर्ट' नोंदवा. दिल्ली पोलिसांकडे तो ऑनलाइन होतो. आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. नवी किल्ली गाडीला 'शिकवावी' लागते, खर्च त्याचाच असतो. आणि हे विसरू नका: हरवलेली किल्ली गाडीच्या स्मृतीतून काढून टाकायला सांगा. नाहीतर ती ज्याला सापडेल, त्याला गाडी आपला माणूसच समजेल. विमा कंपनीलाही कळवा, कारण गाडी चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी ती दोन्ही किल्ल्या मागते. किल्लीबरोबर मिळालेली नंबरची पट्टी मात्र गाडीत ठेवू नका.

आपल्या लोकांची अडचण वेगळीच. दर दोन-तीन वर्षांनी बदली, गाडी घरच्यांकडे, आपण फील्डमध्ये, आणि दुसरी किल्ली कुठल्या काळ्या ट्रंकेत गेली कोणाला ठाऊक. एकच किल्ली उरली आणि तीही हरवली, तर त्रास घरच्या माणसाला होतो, तोही आपण हजार मैलांवर असताना. म्हणून पुढच्या बदलीचं सामान बांधण्याआधी दुसरी किल्ली शोधा, तिनं गाडी एकदा चालू करून बघा, आणि ती कुठं ठेवली हे घरात कोणाला तरी सांगून निघा. चार्ज देताना आपण स्टोअरची प्रत्येक किल्ली मोजून देतो. घरचा चार्जही तसाच द्यावा.