आपल्या दारचा समुद्र : मरीन ड्राइव्हची जडणघडण

भगिनींनो, आपल्या मंडळाची कोजागिरी मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी साजरी करण्याचा प्रघात आहे. चंद्र वर आला, दूध वाटून झाले, की कोणीतरी समोरच्या इमारतींकडे बोट दाखवून म्हणतेच, “बाई, इथे राहणारी माणसे भाग्यवान!” त्या भाग्यवंतांची वस्ती ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन आली कोठून, तिच्यासाठी कोणी काय मोजले आणि तिच्यावर आपला काही हक्क आहे की नाही, याचा थोडा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे मनात आले.

पूर्वी समुद्र बराच आत होता. आज ज्याला महर्षी कर्वे मार्ग म्हणतात, तो जुना क्वीन्स रोड व त्याला लागून जाणारी रेल्वे, ही मुंबईची पश्चिमेकडील कड. सोनापूरची स्मशानभूमीही किनाऱ्याजवळच. इंग्रजांचा कोट १८६०च्या दशकात पाडला गेला. त्याच्या ज्या वेशीतून सेंट टॉमसच्या देवळाकडे वाट जाई, तिचे ‘चर्चगेट’ हे नाव तेवढे उरले.

समुद्र हटवून जमीन करण्याची पहिली हाव सुटली ती अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात. तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि पैसा हाती खेळू लागला. बॅक बे भरून काढण्यासाठी कंपनी निघाली आणि तिचे शेअर कित्येक पट भावाने विकले जाऊ लागले. १८६५ साली युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला आणि कंपनीही बुडाली. अनेक घरांतल्या बायकांच्या अंगावरचे दागिने त्या वर्षी उतरले असतील. पण त्याची नोंद इतिहासात कोण ठेवतो!

पुढे १९१५ ते १९२० या काळात चौपाटीच्या बाजूचा केनेडी सी-फेस बांधून झाला. त्याच १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी मोठी योजना हाती घेतली. एकूण आठ विभागांत १,१४५ एकर समुद्र भरावयाचा होता. काम सुरू झाले, परंतु समुद्रातली भिंत गळकी निघाली. आत टाकलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर बाहेर वाहून जाऊ लागला. खर्च वाढत चालला, जमीन मात्र दिसेना. लोक या योजनेला ‘लॉईडचा वेडेपणा’ म्हणू लागले.

या गैरकारभाराचा जाब विचारावयास उभे राहिले वीर खुर्शेद नरीमन. कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांतून त्यांनी हिशेब मागितला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यातून नरीमन निर्दोष सुटले. अखेर आठांपैकी एक, दोन, सात व आठ एवढेच विभाग त्या वेळी पुरे झाले. मौज अशी, की पुढे त्याच बॅक बेमध्ये नवी भर घालून जे टोक तयार झाले, त्याला ‘नरीमन पॉइंट’ हे नाव मिळाले. ज्याने भरावाचा हिशेब मागितला त्याचे नाव भरावालाच! तेथील भूखंड स्वस्तात दिले गेल्याची तक्रार पिलू मोदी प्रभृतींनी १९७०च्या दशकात उच्च न्यायालयात नेली होती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या विकास खात्याने ही भर घातली, त्याच खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे गिरणी कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. त्या आपण बी. डी. डी. चाळी म्हणून ओळखतो. एकेका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली. एकाच खात्याची ही दोन अपत्ये. एकाला समुद्राचा वारा मिळाला, दुसऱ्याला सामाईक नळ.

माझ्या सासूबाई १९३५ साली लग्न होऊन गिरगावात आल्या. त्या सांगत, “तिकडे नुसतं उघडं माळरान होतं गं. दर वर्षी जाऊन बघावं, तर नवी इमारत उठलेली!” खरोखरच पुढील दहा वर्षांत सिमेंट-काँक्रीटच्या, गोल सज्जांच्या, आडव्या रेघांच्या इमारती ओळीने उभ्या राहिल्या. १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम झाले, १९३८ साली चर्चगेटसमोर इरॉस चित्रपटगृह उघडले. फ्लॅटमधला संसार ही त्या वेळी नवलाईच होती. स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप सारे एकाच दाराआड. रांगेत उभे राहणे नाही, की शेजारणीच्या कानी घरचे बोलणे जाण्याची भीती नाही. सासूबाई मात्र हसून म्हणत, “तिथं विरजण संपलं तर मागायचं कुणाकडे?”

तेथे गुजराती, पारशी, मारवाडी व्यापारी आले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली जयहिंद महाविद्यालय सुरू केले. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९३६ सालीच पुण्याहून मुंबईस आले होते. आज चर्चगेटला उतरणाऱ्या किती मुली त्याच्या पायऱ्या चढतात! २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व सागरतीरावरच्या या इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. तरी खारा वारा काँक्रीटमधील लोखंड खातोच, आणि १९४७च्या भाडे कायद्याने गोठलेल्या भाड्यांमुळे दुरुस्तीवरून मालक-भाडेकरूंचे वादही पिढ्यान्पिढ्या चालले.

मात्र या वस्तीचे सर्वांत मोठे वैभव इमारतींत नाही, ते रस्त्याच्या पलीकडे आहे. इमारती आणि पाणी यांच्यामध्ये साडेतीन किलोमीटरांचा पदपथ व कठडा सर्वांसाठी मोकळा राहिला. तिथे बसावयास भाडे लागत नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांना याच किनाऱ्यावर, चौपाटीच्या वाळूत, अखेरचा निरोप दिला गेला. १९३० च्या एप्रिलमध्ये याच चौपाटीवर कमलादेवी चट्टोपाध्याय आणि आपल्या गिरगावच्या हिंद महिला समाजाच्या संस्थापिका अवंतिकाबाई गोखले यांच्यासह शेकडो स्त्रियांनी मिठाचा कायदा मोडला. किनारा बंदिस्त असता, तर घागरी घेऊन त्या कोठे गेल्या असत्या?

समुद्रात भर घालणे अजून संपलेले नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पुलाजवळून निघणारा किनारी रस्ता २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याच्या खांबांमधून होड्या नेणे धोक्याचे होईल, असे वरळीच्या कोळी बांधवांनी सांगितले व ते नेटाने लढले. तेव्हा ६० मीटरांचे अंतर १२० मीटर करण्याचे २०२२ साली मान्य झाले. विचारणारा असला, म्हणजे उत्तर द्यावेच लागते.

आज गिरगावातल्या आपल्या चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत आणि मनोरे उठत आहेत. उद्या आपल्यापैकी कित्येकींचा पत्ता बदलेल. काहीजणी तर पार विरार-बदलापूरला जातील. परंतु तो कठडा कोणाच्या नावावर नाही, म्हणूनच तो आपला आहे. कोणी कधी तो तात्पुरता म्हणून अडवावयास आले, तर आपण चौघीजणींनी मिळून नरीमनांप्रमाणे हिशेब मागावयास जावे. तोवर, पुढल्या कोजागिरीला, जिथे कोठे असाल तिथून भगिनींनो, जरूर या. दुधाचे पातेले मंडळाचे, पेला मात्र ज्याचा त्याने आणावयाचा!