माजी विद्यार्थ्यांचा क्लब आणि एक उसना खेळाडू

स्मरणिकेसाठी इतिहासातलं काहीतरी लिही, असा निरोप आला आणि मला आपल्या माजी विद्यार्थी संघाची ती बैठक आठवली. स्थानिक लीगमध्ये तळाला गेलेला आपला संघ नुकताच ओळीने दोन सामने जिंकला होता. उरलेल्या सामन्यांसाठी दुसऱ्या संघाकडून एक बचावपटू मागून घेऊ, असं आपला कप्तान म्हणाला. "शाळेची जर्सी शाळेच्याच पोरांनी घालायची!" म्हणून मी आवाज चढवला. विषय तिथेच बारगळला. शेवटच्या सामन्यात आपला बचाव उघडा पडला आणि आपण खालच्या गटात गेलो.

ती बोच अजून आहे, म्हणून इंग्लंडमधल्या लेस्टर सिटीची ही हकीकत सांगतो. हा क्लबही मुळात माजी विद्यार्थ्यांचाच. १८८४ मध्ये तिथल्या विगस्टन शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढाकार घेऊन तो काढला. फॉस रोडजवळच्या मैदानावर खेळायचे म्हणून नाव पडलं लेस्टर फॉस. १९१९ मध्ये त्याचं लेस्टर सिटी झालं.

२०१४-१५ च्या हंगामात हा क्लब दहा वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतला, आणि नाताळात पाहावं तर गुणतक्त्यात तळाला! फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्यवस्थापक नायजेल पिअरसन यांनी स्टोक सिटीचा जर्मन बचावपटू रॉबर्ट हूथ हंगामापुरता लोनवर घेतला. लोनवर म्हणजे उसना. करार मूळ क्लबकडेच राहतो, मुदत संपली की खेळाडू परत. त्यामुळे आक्षेपही रास्तच असतो : परक्याच्या खेळाडूला सामने द्यायचे आणि आपल्या पोराला बाकावर बसवायचं का?

हूथ आला म्हणून लगेच चमत्कार झाला नाही. मार्च संपेपर्यंत लीगमध्ये एकही विजय नाही. २९ सामन्यांत अवघे १९ गुण. मग ४ एप्रिलला वेस्ट हॅमविरुद्ध २-१ असा विजय मिळाला. निर्णायक गोल केला अँडी किंगने, जो क्लबच्याच अकादमीत घडलेला. तिथून पुढे गाडी रुळावर आली. मागे कप्तान वेस मॉर्गनच्या जोडीला हूथ, पुढे नेहमीचेच गडी. शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून संघ ४१ गुणांसह १४ वा आला आणि लीगमध्ये टिकला.

त्या उन्हाळ्यात क्लबने हूथला कायमचं विकत घेतलं. पुढच्याच हंगामात क्लॉडिओ रानिएरी यांच्या हाताखाली लेस्टर विजेता ठरला. ३८ पैकी ३५ सामन्यांत हूथ मैदानावर होता.

उसना खेळाडू एकट्याने संघ वाचवत नाही, हे या हकीकतीतही दिसतं. पण रिकामी जागा त्याने भरली, म्हणून घरच्यांच्या मेहनतीचं चीज झालं. आपल्याकडेही तीच एक जागा रिकामी होती. ती भरायला घरचा कुणी आहे का, एवढंच मी त्या बैठकीत विचारायला हवं होतं. मी जर्सीचं बोलत राहिलो.

कप्तान, त्या दिवशी तुझं बरोबर होतं. हे तोंडावर सांगायला इतकी वर्षं जमलं नाही; मेळाव्यात भेटलास की सांगेनच. आणि पुढच्या हंगामाच्या बैठकीला मलाही बोलाव, या खेपेला आवाज चढवणार नाही.