तीन पलंग आणि एक शेत : रोमची मेजवानी, नाशिकची लेणी

१/ रोमन श्रीमंतांच्या घरी भोजनासाठी स्वतंत्र दालन असे. त्याचे नाव ‘ट्रिक्लिनियम’, म्हणजे तीन पलंगांची खोली. तीन बाजूंना तीन पलंग, प्रत्येकावर तिघे, मध्ये लहानसे मेज आणि चौथी बाजू सेवकांसाठी मोकळी. पाहुणे डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने जेवत. पॉम्पेईच्या बागांत असे बांधीव पलंग आजही दिसतात.

२/ कोणी कोठे रेलायचे, हे मानावर ठरे. धाकट्या प्लिनीने एका पत्रात अशा यजमानाचा धिक्कार केला आहे, ज्याने पाहुण्यांच्या दर्जानुसार तीन प्रतींचे मद्य वाढले.

३/ त्याच सुमारास भडोच बंदरात इटलीचे मद्य आणि राजासाठी चांदीची मौल्यवान भांडी उतरत, असे ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ नोंदवतो. भडोच आणि नाशिक दोन्ही क्षहरात क्षत्रप नहपानाच्या सत्तेखाली होती.

४/ नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेणे क्र. ३ मध्ये सभागृहाच्या तिन्ही बाजूंना दगडी बाक कोरलेला आहे. आकृती ट्रिक्लिनियमची आठवण करून देते. पण हा भिक्षूंचा विहार आहे. आकार जुळला म्हणून उपयोग जुळत नाही.

५/ विहारातील अन्नाचा पुरावा बाकात नाही, शिलालेखात आहे. लेणे क्र. १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात सांगतो : अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना शेत घेतले, माझ्या लेण्यात राहणाऱ्या, चारही दिशांच्या भिक्षुसंघाला त्यातून अन्न मिळेल.

६/ वस्त्रांचीही तजवीज होती. विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. वर्षाचे व्याज २४०. वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो.

७/ रोमच्या पंक्तीत तीन प्रतींचे मद्य. येथे वीस जणांना समान बारा. अर्थात दाता राजघराण्यातला होता आणि दानातून त्याचे नावही दगडावर राहिले. परंतु अन्न कोणाला, किती काळ आणि कोणत्या उत्पन्नातून, हे त्याने सर्वांना वाचता येईल असे कोरून ठेवले. पांडवलेणी चढाल तेव्हा शिल्पांइतकाच वेळ क्र. १० च्या ओवरीतील या अक्षरांना द्यावा.