'इलेक्शन' : एका शब्दाची कुळकथा



माणसांप्रमाणे शब्दांनाही कूळ असते. 'इलेक्शन' हा शब्द आज इतका घरचा झाला आहे की, जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरही तो कोणास समजावून सांगावा लागत नाही. पण त्याचे कूळ शोधू लागलो, तर आपण थेट शेतात जाऊन पोहोचतो.

लॅटिन भाषेत 'लेगेरे' असे क्रियापद होते. त्याचा मूळ अर्थ वेचणे, गोळा करणे. झाडाची फळे तोडून गोळा करण्यासही रोमन लोक हाच शब्द वापरीत. त्यास 'बाहेर' या अर्थाचा 'ए' हा उपसर्ग लागून 'एलिगेरे', म्हणजे वेचून बाहेर काढणे, हा शब्द झाला. इंग्रजीतील 'इलेक्ट' व 'इलेक्शन' हे त्याचेच वंशज.

आपली 'निवडणूक'ही अशीच घरातून आणि शेतातून आलेली आहे. आई सुपात तांदूळ निवडते, पावसाळ्यात बराकीतला कांदा निवडून सडका बाजूला काढतात, तेच हे निवडणे. उर्दूतील 'इंतिखाब' हा शब्द निवडणुकीसाठी चालतो, तसाच कवीच्या निवडक रचनांच्या संग्रहासाठीही. भाषा तीन, कल्पना एकच : समोरचे नीट पाहावे आणि त्यातले चांगले घ्यावे. डोळे मिटून मूठ भरण्यास निवड म्हणत नाहीत.

'लेगेरे'चा दुसरा अर्थ वाचणे. नजरेने अक्षरे वेचणे म्हणजेच वाचन! 'लेक्चर' आणि 'लेसन' हे शब्द त्यातूनच निघाले. वाचणे आणि निवडणे ही अशी सख्खी भावंडे आहेत.

याच कुळात आणखी एक शब्द जन्मला, 'निग्लेक्ट'. त्याचा मूळ अर्थ न वेचणे, पडू देणे. आपण त्यास दुर्लक्ष म्हणतो.

१९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. २१ वर्षांवरील स्त्री-पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. बहुसंख्य मतदार निरक्षर, म्हणून चिन्हे योजली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले होते. स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. यांतील बहुतेक स्त्रिया उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या. पण म्हणून आपण निश्चिंत राहावे काय?

माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी दहावीनंतर घरी बसली. तिच्या भावासाठी कोणती शाखा घ्यावी, हे वडिलांनी मला तीनदा विचारले होते. मी घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, आम्ही नको कुठं म्हणालो? तिचा विषयच निघाला नाही." त्यांनी मुलीस नाकारले नव्हते. फक्त वेचले नव्हते. आणि खरे सांगतो, त्या तीन भेटींत मीही तिचा विषय काढला नव्हता.

१९८८ च्या घटनादुरुस्तीने मतदाराचे वय १८ वर आले. जी मुलगी अठराव्या वर्षी आमदार-खासदार निवडणार, तिला त्याआधी दोन वर्षे आपला अभ्यासक्रम निवडण्याची सवय नको काय? पालकहो, यंदा निकाल लागेल त्या संध्याकाळी मुलाबरोबर मुलीचाही विषय काढा, आणि तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐका, एवढीच विनंती.